खालच्या मजल्यावरची अंडी

एका जंगलात दोन मजले होते, पोरांनो. हसू नका, खरंच होते. वरचा मजला म्हणजे उंबराचे शेंडे. तिथं धनेश पक्षी राहायचे. ही मोठी पिवळी चोच, तिच्यावर पाट ठेवल्यासारखं शिंग, आणि बोलणं असं की पलीकडच्या डोंगरानं दचकावं. खालचा मजला म्हणजे वाळकं गवत. त्यात लाव्या राहायच्या. मुठीत मावेल एवढा जीव, रंग मातीचा. समोरून चालत गेली तरी कुणाला दिसायची नाही.

त्यातलीच एक ठमी.

ठमी दरसाल गवतात खळगा करून अंडी घालायची. कधी दहा, कधी बारा. काही मुंगूस न्यायचं, काही साप न्यायचा, काही वणव्यात जायची. जी फुटून बाहेर यायची ती तरी जगावीत म्हणून ती त्यांना धोंडू, दगडू, केरू असलीच नावं ठेवायची. एकदा हौसेनं एकीला राजकुंवर म्हणाली, तर घारीनं नेमकी तीच उचलली. तेव्हापासून हौस बंद.

एवढी अंडी कशाला, असं तुम्ही विचाराल. अरे, बारातली दोन जगली तर म्हातारपणी चोचीत दाणा पडतो. न जगली तर पडत नाही. ठमीला एवढंच कळायचं, आणि एवढं पुरायचं.

वर मात्र निराळी तऱ्हा. धनेशांच्यात बाईला अंडं घालायचं तर झाडाच्या ढोलीत शिरावं लागतं. मग दार चिखलानं लिंपून टाकायचं, चोचीपुरती फट ठेवायची. त्या फटीतून नवरा उंबर भरवणार. आत बसून बाईची पिसं झडतात. पिसं पुन्हा येऊन ती बाहेर पडेपर्यंत तिची मानाची फांदी दुसरीनं बळकावलेली असते. बरं, ढोल्या तरी कुठं मिळताहेत? पोपटांनी सगळ्या धरून ठेवलेल्या, भाडं विचाराल तर चक्कर येईल. आणि एवढं करून पिल्लू झालंच, तर त्याला उंबर हवेत उडवून झेलायचा क्लास, चोच चकाकवायचा क्लास, ओरडायचा क्लास. त्यामुळं धनेशिणी म्हणायच्या, "पुढच्या साली बघू." पुढच्या साली पुन्हा तेच म्हणायच्या.

ह्याला वर विचार म्हणत. खालच्या बारा अंड्यांना अडाणीपणा म्हणत.

एका उन्हाळ्यात ओढा आटला. पाणी राहिलं ते उंबराखालच्या डोहात, आणि डोह धनेशांचा. त्यांचा कसा, ते मला विचारू नका. जो वर बसतो, त्याच्या खाली असेल ते त्याचंच असतं.

ठमीची मागची सगळी पिल्लं वणव्यात गेली होती. नवी अंडी पोटात होती आणि घशाला कोरड पडली होती. ती डोहावर आली, तशी वरून हाक आली.

"थांब गं! किती अंडी घालतेस?"

फांदीवर हेमांगिनीबाई धनेशीण बसल्या होत्या. वरच्या मंडळाच्या अध्यक्ष. शेजारी त्यांचे यजमान बापूसाहेब, तोंडात उंबर.

"देव देईल तेवढी, बाईसाहेब."

"देवावर ढकलू नकोस. जंगलात खाणं पुरत नाही ते तुमच्यामुळं."

बापूसाहेबांच्या चोचीतून एक उंबर निसटला आणि ठमीच्या पायाशी पडला. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "आमी गवताचं बी खातो. उंबरापातूर आमची चोच पोचत न्हाई."

"उलट बोलू नकोस. यंदापासून नियम आहे. दोन अंडी घालणारीला पाणी. जास्त घालणारीला नाही."

"घालीन की दोन," ठमी म्हणाली. "आदी पहारा द्या. दोनीच्या दोनी जगणार असं कळलं, तर मला काय हौस आलीय बारा उबवायची? बसून बसून पोटाचं कातडं सोलतंय."

"आधी दोन. मग पहारा."

"आदी पहारा, मग दोन."

"शिकलेली नाही ना," बापूसाहेब बायकोला म्हणाले, "म्हणून वाद घालते."

वाद घालायलाही ओला घसा लागतो. ठमीचा वाळला होता. तिनं होकाराची मान हलवली आणि ती पाणी प्याली.

शेजारच्या टिटवीनं हे ऐकलं आणि कपाळाला पंख लावला. "ठमे, दोनात काय होतंय गं? दोन तर साप दात कोरायला नेतो!"

"अक्का, मग काय तहानेनं मरू?" ठमी म्हणाली. तिनं दोन घातली आणि बाकीची पोटातच आवळून धरली. त्या दोनांवर ती अशी बसली की वारा आला तरी हलायची नाही.

अंडी पडल्याचं कळल्यावर वरचं मंडळ पाहणीला खाली उतरलं. त्यांतल्या कुणाचे पाय आजवर मातीला लागले नव्हते.

"अगंबाई, हे असं उघड्यावर?" हेमांगिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. "आमच्यात ढोलीत ठेवतात."

"ढोली तर इथंच आहे!" बापूसाहेब ओरडले. "ही बघा, तयार! जमिनीतूनच उगवलीय. खालच्या लोकांचं नशीब बघा, बिनभाड्याची, आणि ह्यांना वापरायची अक्कल नाही!"

"साहेब, ते वारूळ हाय," ठमी म्हणाली.

"तुम्ही काहीही म्हणा."

"त्यात नाग ऱ्हातो, साहेब."

"अंधश्रद्धा!" हेमांगिनीबाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर वरून खाली बघतेय. मला कधी दिसला नाही."

ठमी पंख पसरून अंड्यांवर आडवी पडली. दोघांनी तिला अलगद बाजूला केलं. अलगद बरं का, मारलं वगैरे नाही. वरची मंडळी सभ्य होती. अंडी वारुळात गेली. भोकाला चिखल लिंपला, रीतीप्रमाणं फट ठेवली. वेल बांधून ती चोचीनं कापली, गाणं झालं. पहिला उंबर हेमांगिनीबाईंनी स्वतःच्या हातानं, म्हणजे चोचीनं, फटीतून आत सोडला. मंडळ वर निघून गेलं.

उन्हानं चिखल दगडासारखा झाला होता. ठमी नखांनी उकरत राहिली, चोचीनं ठोकत राहिली. आत सळसळ झाली. मग काहीच झालं नाही.

ती धावत उंबराखाली आली. "नागानं खाल्ली वं, बाईसाहेब! दोनी खाल्ली!"

मग हेमांगिनीबाईंनी विचारलं, "म्हणजे आता तुझ्याकडं एकही नाही?"

"न्हाई."

"ऐकलंत? आपण दोन सांगितली होती, हिनं एकही ठेवलं नाही! सत्कार करा हिचा!"

त्याच दिवशी सभा भरली. ठमीच्या गळ्यात पानांची माळ पडली. ती माळ तिच्याहून मोठी, त्यामुळं लोकांना फक्त माळच दिसत होती. हेमांगिनीबाईंचं भाषण सुरू झालं, "बहिणींनो, ठमीचा आदर्श..."

इतक्यात मागच्या फांदीवरून थोरले काकासाहेब करवादले, "आदर्श राहू दे! मला उंबर कोण भरवणार? सकाळपासून आ करून बसलोय!"

त्यांच्या शेजारच्यानंही आ केला. त्याच्या शेजारच्यानंही. बघता बघता सगळ्या उंबरावर आ वासलेल्या म्हाताऱ्या चोची. सगळ्या चकचकीत. आणि आत फळ टाकायला तरणं कुणी नाही.

हेमांगिनीबाई फांदीवरून वाकल्या. आवाज एकदम मऊ. "ठमाबाई, तुमच्यात पोरं पुष्कळ असतात म्हणे. दोन-चार पाठवता का वर? खाऊनपिऊन ठेवू हो, घरच्यासारखी."

ठमीनं माळेतून डोकं बाहेर काढलं. "दोन हुती की."

"मग कुठायत?"

"तुमीच लिंपलीत."

हेमांगिनीबाईंना खोकला आला. तो थांबल्यावर त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. मग आणखी घाल! अशी बसलीस काय? तुम्हाला सवय असते! उद्यापासून बारा घालणारीलाच पाणी!"

"आन् पहारा?"

"तेवढं बघू नंतर."

ठमी डोहाशी गेली. पोट भरून पाणी प्याली, अगदी सावकाश, सगळ्यांच्या देखत. मग मान वर करून म्हणाली, "बाईसाहेब, तुमचं म्हातारं, तुमचं उंबर, तुमची ढोल. शिरा की तुमीच आत. चिखल मी आणून देते."

एवढं बोलून ती गवतात गेली. डोहापासून लांब, वारुळापासून लांब, करवंदाच्या काटेरी जाळीत तिनं खळगा केला आणि आवळून धरलेली अंडी घातली. किती, ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी जास्त म्हणालं असतं, कुणी कमी म्हणालं असतं, आणि राखायला कुणीच आलं नसतं.

तात्पर्य: गरिबाला पोरं होतात ती अडाणीपणामुळं आणि श्रीमंताला होत नाहीत ती शहाणपणामुळं, हे पोरांनो नीट पाठ करून ठेवा. म्हणून शहाण्यानं तरुणपणी अडाण्याला बजावावं, पोरं कमी कर. आणि म्हातारपणी त्यालाच दरडावून विचारावं, माझी सेवा करायची पोरं कुठं लपवलीस?