झाकण लावलेलं बीज

दीपालीने आईला बाटलीबद्दल फार सोपं करून सांगितलं, आणि घोळ तिथेच झाला.

बाटलीत पाणी होतं आणि पाण्यात साठ गोळ्या. मोहरीहून जरा मोठ्या, फेसासारख्या सच्छिद्र प्लास्टिकच्या, आतून पोकळ. त्या पोकळीत इंधन भरायचं, चहूबाजूंनी लेझर मारायचा आणि सूर्याच्या पोटात जे चालतं ते क्षणभर इथे करून पाहायचं, असा सगळा उद्योग. हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्या करायला दीपालीला आठ महिने लागले होते. कुरिअरवर विश्वास नाही म्हणून ती बाटली मांडीवर घेऊन स्वतःच लेझर केंद्राकडे निघाली होती. सोमवारी तिथे तपासणी. पोकळी बरोबर मध्यभागी असलेल्या वीस गोळ्या निघाल्या नाहीत, तर लेझरची पाळी दुसऱ्या गटाला जाणार होती. वाटेत मुलचेऱ्याजवळचं तिचं गाव लागलं, म्हणून ती एक दिवस उतरली.

"हे काय व्हय?" इंदिराबाईंनी विचारलं.

आता आईला हे सगळं कुठून सांगत बसायचं? "बीज हाय, आई. उद्याच्या विजेचं. सांभाळून ठेव," असं म्हणून प्रवासाने शिणलेली दीपाली आडवी झाली.

दुपारी उठून पाहते तर बाटली धुऊन ओट्यावर उपडी घातलेली.

"आई, यातलं बीज कुठी हाय?"

"तुह्या बाबानं नेलं तलावावर. लय बिगडले होते तुह्यावर."

इस्तारीभाऊंचा जन्म तलावात मासे वाढवण्यात गेलेला. बीज म्हटलं की त्यांच्या डोक्यात मासोळीचं बीज, म्हणजे तिची अंडी, दुसरं काही येतच नसे. दीपाली अनवाणीच धावत सुटली. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते.

"एवढी शिकली अन् बीजाले गच्च झाकण लावून आणतं?" लेकीला पाहताच ते सुरू झाले. "हवा कुठून भेटन त्याले? निपचित पडून होतं. हाप्यात सोडलं, आता जगन."

हापा म्हणजे चार काठ्यांना बांधलेली बारीक कापडी जाळी. गोळ्या तिच्यात सुखरूप तरंगत होत्या. दीपालीचा जीव भांड्यात पडला. तिने त्या वाटीने हळूहळू गोळा केल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. सव्वीस.

"बाकीचं कुठी हाय, बाबा?"

"खराब होतं. घरीच निवडून अंगणात फेकलं. कोंबड्यायनं टिपलं."

दीपाली तलावाच्या बांधावरच बसली आणि रडू लागली. दहावीनंतर तिला रडताना बाबांनी पाहिलं नव्हतं. ते घाबरून पाण्याबाहेर आले.

"आठ महिने लागले होते, बाबा."

"अवं बाई, चांगलं बीज मी कधी फेकन का?" त्यांनी ओंजळभर पाण्यात एक गोळी घेऊन उन्हाकडे धरली. "हे पाह्य. डोळा बरोब्बर मधात हाय. ज्याचा डोळा बाजूले सरकला, ते फुटत नाई, पिलू निघत नाई. म्हणून मी ठेवत नसतो."

दीपालीचं रडणं थांबलं. तिने गोळी पाहिली. पोकळी मध्यभागी होती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. ऊन उतरेपर्यंत तिने सव्वीसच्या सव्वीस पाहिल्या आणि बाबांच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून हसू लागली. बाबांना काही कळलं नाही, पण पोरगी हसली याने त्यांना फार बरं वाटलं.

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या गोळ्या पास झाल्या. निवड कोणत्या यंत्रावर केली, असं तिच्या गटाच्या सरांनी विचारलं. दीपालीने अहवालात लिहिलं, 'अनुभवी व्यक्तीकडून, नजरेने.'

प्रयोग झाला त्या संध्याकाळी इस्तारीभाऊंचा फोन आला. एवढे दिवस त्यांच्या मनाला घोर लागून राहिला होता.

"फुटले का, बाई?"

"फुटले, बाबा. सगळेच्या सगळे, अगदी एकसारखे."

फोनवर मोठा सुस्कारा ऐकू आला.

"अन् जगले किती?"

"एक बी नाई."

मग बाबा मायेने म्हणाले, "जाऊ दे, मनाले लावून घेऊ नको. तुह्या सरले म्हण, पुढच्या खेपेले पाणी बदलून पाहा."