टेलिफोनची आंघोळ

गुंडूमामांनी टेलिफोनला आंघोळ घातली आणि माझ्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्या पाण्याबरोबर वाहून गेल्या.

मामा आमचे कुंभकोणम्‌चे शेजारी. त्यांचे पणजोबा तंजावरच्या दरबारात कारकून होते आणि दरबार संपल्याची बातमी मामांपर्यंत अजून पोचायची होती. बाजारात तमिळ, घरात आमची जुनाट मराठी, आणि दोन्हींत सारखा एकच शब्द, ‘एच्चल’. म्हणजे उष्टं. पेला ओठाला लागला की एच्चल. पाकीट कुणी थुंकीने चिकटवलं असेल म्हणून टपाल चिमट्याने उघडायचे.

चोळपुरम्‌च्या एका भातगिरणीने मोडीत काढलेला उभ्या दांड्याचा टेलिफोन त्यांनी मागून आणला.

“शंभर जण ह्यात बोलले असतील, सेतू. अस्के एच्चल.” अस्के म्हणजे सगळं.

चिंच आणि राख लावून त्यांनी पितळेचा दांडा समईसारखा लखलखीत केला. इथवर ठीक होतं. मग बोलायच्या तोंडात तीन तांबे पाणी ओतलं. आत पडद्यामागे कोळशाची बारीक कणी असते, तिच्यामुळेच आवाज जातो. तिचा लगदा झाला.

मी शाळेत गणित शिकवायचो. दिवसभर फळ्यापुढे उभं राहून आलेल्या माणसाला ओटा दिसला की आडवं व्हावंसं वाटतं. पण मामांच्या लेखी गणितवाला म्हणजे यंत्रवाला. कणी काढून सुपात पसरली, गच्चीवर वडामांशेजारी, म्हणजे तांदळाच्या सांडग्यांशेजारी, वाळवली. कावळे मीच हाकले. उंदराने खाल्लेली तार बदलली. पडदा दोनदा उलटा बसला, कारण मामा सोवळ्यात असायचे आणि मला त्याला हात लावू देत नव्हते. मी दोन हात लांबून सांगायचं, त्यांनी चुकायचं.

“सोडा मामा, कंटाळलो मी,” एकदा स्पष्टच म्हटलं.

“शुक्रवार येतो की. मग मी काय करू?”

शुक्रवारी पुण्याला दिलेली त्यांची एकुलती एक लेक कावेरी आमच्या इथल्या औषधाच्या दुकानातल्या टेलिफोनवर मामांशी बोलणार होती. तीन मिनिटं. मामी गेल्यावर मामांनीच तिला वाढवलेलं, आणि दोन वर्षांत भेट नाही. मामा जन्मात टेलिफोनवर बोलले नव्हते. ऐन वेळी वाचा बसेल ही धास्ती, म्हणून घरी सराव हवा होता.

गुरुवारी संध्याकाळी एकदाचं जमलं. यंत्र एकच, त्यामुळे मामांनी ओट्यावर दांड्याच्या तोंडात बोलायचं आणि मी लांब तारेचा कानाचा भाग घेऊन परसात विहिरीपाशी उभं राहायचं. उत्तर परत जायची सोय नव्हती. मी कावेरी.

“कावेरी, जेवलीस की?” खरखरीत, पण स्पष्ट. मग गाय झाली, लोणचं झालं, जावयांची तब्येत झाली. मग काहीच नाही. मला वाटलं, बॅटरी गेली.

“तुझ्या मराठीस तिकडे हासतात मनून तू बोलणेच सोडलीस, असे जावयांनी लिहिले,” आवाज आला. “हासू देत गे. तू बोल. तू गेलीस तसे ह्या घरात मराठी एकट्या सेतूसंगे. तोही कंटाळला.”

मला फार लाज वाटली. तसाच ओट्यावर गेलो. मामा सोग्याने दांडा पुसत होते. वर बघेनात.

“आइकू आले की?”

“सगळं.”

“मग उद्या दुकानात तू मजसंगे ये. जेवलीस की, ते मी विचारीन,” मामा म्हणाले. “पुढले तू सांग.”