नऊ नंबरची चड्डी

"या वर्षी तरी तुमच्या टीमचं काही खरं आहे का?" बायकोने विचारलं, आणि कडकरावांच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. ती कोणाच्या तरी शर्टाच्या पाठीवर थांबली होती, पण हे लक्षात यायला त्यांना जरा वेळ लागला.

कडकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची लाँड्री होती आणि कपड्यांना स्टार्च घालताना त्यांचा हात सैल सुटायचा. त्यांच्याकडून आलेली पँट माणसाशिवाय कोपऱ्यात उभी राहायची, म्हणून गिऱ्हाइकांनी ते नाव ठेवलं. आमच्या फुटबॉल क्लबचे कपडे त्यांच्याकडेच धुवायला येत. गेली एकोणीस वर्षं दर शनिवारी दुपारी, म्हणजे सगळे लोक आठवड्याचे कपडे घेऊन येतात नेमक्या त्या वेळी, कडकराव शटर ओढून मॅचला जात. आणि एकोणीस वर्षांत आमची टीम शेवटून चौथ्या नंबरच्या वर एकदाही गेली नव्हती.

'आमची' म्हणतो, कारण लपवून काय उपयोग, मीही त्यातलाच. आम्हा मंडळींचं एक बरं असतं. मोसम सुरू होण्याआधी आमची टीम एकही सामना हरलेली नसते. त्या पंधरा दिवसांत आम्ही नोकरीधंदा करणारी, पोराबाळांची माणसं लाँड्रीच्या बाकावर बसून एकमेकांना सांगतो, "यंदा काहीतरी वेगळं आहे हं." दर वर्षी सांगतो. दर वर्षी खरं वाटतं.

आमचं हे भविष्य कडकराव कपड्यांवरून सांगत. "खेळाडू खोटं बोलतो, कोच खोटं बोलतो, पेपरवाला तर पोटासाठी बोलतो," ते म्हणायचे. "कपडे खोटं बोलत नाहीत. गुडघ्यावर गवताचा डाग म्हणजे पोरगा जीव टाकून खेळतोय. कोपरावर चिखल म्हणजे धक्काबुक्कीला भीत नाही." हे सगळं त्यांची बायको बावीस वर्षं कपडे निवडायच्या टेबलापाशी उभी राहून ऐकत होती. ऐकत ऐकत तीही डाग वाचायला शिकली होती. किंबहुना कडकरावांपेक्षा चांगली, कारण तिला टीमशी काही देणंघेणं नव्हतं.

"खरं आहे म्हणजे काय!" कडकराव म्हणाले. "नवा कोच आलाय. यंदा बघच तू."

"बघणारच आहे," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, कपडे खोटं बोलत नाहीत? मग पंधरा दिवस सरावाचे कपडे मी स्वतः तपासणार. दिसली मेहनत, तर खुशाल मोसमाचा पास काढा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही दिसली, तर शनिवारी दुकान उघडं राहणार. कायमचं."

स्वतःच्याच तत्त्वाला नाही कसं म्हणणार? कडकराव हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लबचा सामानवाला दोन गोणी घेऊन आला. बायको आत घरात होती. कडकरावांनी हळूच एका गोणीचं तोंड सोडलं आणि त्यांचा चेहरा पडला. पांढरेशुभ्र टी-शर्ट. घामाचा वास नाही. चिखल, गवत, काही नाही. एकाच्या बाहीवर पेनाची शाई आणि झाडून सगळ्या चड्ड्यांवर मागच्या बाजूला आडव्या सुरकुत्या.

"अरे, या तर बसून पडलेल्या सुरकुत्या आहेत!"

"बसूनच असतात सगळे," सामानवाला म्हणाला. "नवा कोच म्हणतो, आधी डोकं, मग पाय. सकाळपासून फळ्यावर बाण काढतोय. पंधरा दिवस बॉलला हात लावायचा नाही."

"पाय!"

"पायसुद्धा लावायचा नाही."

रात्री कडकरावांना जेवण गेलं नाही. एकोणीस वर्षं त्यांनी ऊन, वारा, बायकोचे नातेवाईक, कशालाही न जुमानता शनिवार सांभाळला होता. अकराव्या रांगेतली सहा नंबरची सीट ही जगातली एकच जागा होती, जिथे त्यांना कोणी 'कधी मिळतील कपडे?' असं विचारत नसे. आता ती जाणार, आणि जाणार ती बाहीवरच्या शाईच्या डागामुळे.

पहाटे साडेपाचला ते गोणी उचलून मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेले. तिथे पाण्याचा पाइप गळत असल्यामुळे बारा महिने चिखल असे. त्यांनी नऊ नंबरची, म्हणजे आमच्या स्ट्रायकरची चड्डी घेतली, ओंजळभर चिखल तिच्यावर फासला आणि हात लांब करून पाहिलं. पाहताच त्यांची त्यांनाच लाज वाटली. भिंतीला गिलावा करावा तसा तो डाग दिसत होता. खऱ्या घसरण्याचा डाग एका बाजूने दाट आणि दुसऱ्या बाजूला पुसट होत जातो, कापडाचा धागा ओढला जातो, मधे गवताची हिरवी रेघ उमटते. हा डाग बायकोने दारातूनच ओळखला असता.

तेव्हा मार्ग एकच उरला. बावन्न वर्षांच्या, पोट सुटलेल्या कडकरावांनी इकडेतिकडे पाहिलं, नऊ नंबरची चड्डी महत्प्रयासाने कमरेवर चढवली, दहा पावलं धावले आणि चिखलात घसरले.

त्यानंतर त्यांनी गोलकीपरचा टी-शर्ट घालून दोनदा उजवीकडे उडी मारली, चार नंबरच्या टी-शर्टात कोपरावर आपटून घेतलं आणि सात वाजता लंगडत घरी आले.

"कुठे गेला होतात?" बायकोने विचारलं.

"पळायला."

"तुम्ही?"

"डॉक्टर सांगत नव्हते का, व्यायाम करा म्हणून."

आठ वाजता तिने गोणी उघडली. चष्मा लावला. नऊ नंबरची चड्डी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"पोरगा घसरलाय खरा," ती म्हणाली. "जीव तोडून घसरलाय."

हे कौतुक ऐकून कडकरावांच्या छातीत काहीतरी हललं. एवढं चांगलं बायको त्यांच्याबद्दल लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली होती, आणि तेही तिला ठाऊक नसताना.

मग हे रोजचंच झालं. अठरा जणांचे कपडे रोज मळवणं एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या. सोमवारी बचावफळी, मंगळवारी मधली फळी, बुधवारी स्ट्रायकर, आणि गोलकीपर मात्र रोज. कोणाला किती पळवायचं, कोणाला आराम द्यायचा, हे ते इस्त्री करता करता ठरवू लागले. त्या वर्षी आमच्या क्लबमध्ये मोसमाची खरी तयारी फक्त एका माणसाने केली, आणि तो टीममध्ये नव्हता.

चौथ्या दिवशी पीटीचे निवृत्त मास्तर कुत्र्याला फिरवत तिकडून आले. समोर कडकराव, अंगात गोलकीपरचा टी-शर्ट, तोंडात चिखल.

"काय हो हे?"

कडकरावांना उठता उठता जे सुचलं ते बोलून गेले. "क्लबने चाचणीला बोलावलंय, मास्तर. गोलकीपर कमी पडतायत."

मास्तरांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "इतके कमी?"

"कोणाला सांगू नका."

"मी कशाला सांगतो?" मास्तर म्हणाले. "पण तुमची उडी चुकते आहे. उजवा पाय आधी टाका. उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी मास्तर शिट्टी घेऊन आले. त्यानंतर कडकरावांना प्लॉटला आठ फेऱ्या, वीस उठाबशा आणि मग घसरणं असा क्रम लागला. नकार देण्याची सोय नव्हती. आठवड्यात त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला.

इकडे दुकानात वेगळंच सुरू झालं. बायकोचा हात डागांवरून फिरत होता आणि तोंड गिऱ्हाइकांशी बोलत होतं. "बघा हो, आपली पोरं कशी राबतायत." बाई खोटं बोलणाऱ्यातली नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक. कडकराव बोलले असते तर आम्ही सवयीने मान डोलावली असती. पण ही बाई टीमच्या बाजूने बोलते म्हणजे चमत्कारच. औषधांच्या दुकानवाल्याने येऊन चार नंबरचं कोपर स्वतः पाहिलं आणि पास काढला. बसड्रायव्हरने तीन काढले. मी नऊ नंबरच्या चड्डीवर बोट फिरवून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं आणि माझा नि मेव्हण्याचा मिळून दोन काढले. मी स्वतःला बराच चौकस समजतो.

पास काढला नाही तो फक्त मास्तरांनी. ते म्हणाले, "या वर्षी क्लबची अवस्था फार वाईट आहे. मला आतली बातमी आहे." आम्ही त्यांना हसलो.

नवव्या दिवशी खांदा दुखल्यामुळे कडकरावांनी गोलकीपरला सुट्टी दिली. बायकोच्या ते ताबडतोब लक्षात आलं.

"आज गोलकीपर पडला कसा नाही हो?"

"दुखावला असेल."

"मोसम तोंडावर आलाय आणि दुखावला? गरम पाण्याने शेकतात का नीट? आणि एक सांगू, तो नेहमी उजवीकडेच पडतो. डावीकडे बॉल आला तर काय करणार?"

"कळवतो मी," कडकराव म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दात-ओठ खात डावीकडे पडले. बायकोने त्या दिवशी टी-शर्ट पाहून टाळी वाजवली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. स्वतः तयार केलेला पुरावा रोज सकाळी बायकोच्या हातात बघून बघून अकराव्या दिवशी कडकरावांनाच वाटू लागलं, की यंदा टीममध्ये खरंच काहीतरी दम आहे. बाकावर बसून ते आम्हाला म्हणाले, "मधली फळी गेल्या वर्षीपेक्षा किती सुधारली आहे!" बोलता बोलता त्यांनी आपला सुजलेला गुडघा चोळला. तो कशाने सुजला होता, याचा त्या क्षणी त्यांना सपशेल विसर पडला होता.

पंधराव्या दिवशी बायकोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "टीम चांगली आहे. जा."

कडकराव पळतच स्टेडियमच्या खिडकीवर गेले. त्यांना आता पळता येत होतं.

"संपले," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

कडकराव मनापासून हसले. "अहो, आपल्या क्लबचे पास म्हणतोय मी."

"आपल्याच क्लबचे. पहिल्यांदाच संपलेत. कुठल्याशा लाँड्रीतून बातमी फुटली म्हणे, यंदा टीम जबरदस्त आहे."

"पण माझी सीट! अकरावी रांग, सहा नंबर!"

बाईंनी वहीत पाहिलं. "ती चार दिवसांपूर्वीच गेली."

कडकराव परत कसे आले, ते त्यांचं त्यांना आठवत नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, एवढंच ते वाटेत पुटपुटत होते. दुकानात शिरले तर बायको टेबलाशी उभी होती आणि तिच्या हातात एक पास होता. अकरावी रांग, सहा नंबर.

कडकरावांनी पासासाठी हात पुढे केला. "अगं, तू... माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला? मी जाणार आहे."

"तू?"

"दोघं गेलो तर दुकान बंद ठेवावं लागेल. एकाने थांबायला हवं." ती शांतपणे म्हणाली. "एकोणीस वर्षं मी काही बोलले का?"

बोलली होती, दर शनिवारी बोलली होती. पण हे सांगायची वेळ ती नव्हती. आणि ते सांगणार काय होते? की हे सगळं खोटं आहे, चिखल माझा आहे? मग पास रद्द, करार मोडलेला, शनिवारी दुकान उघडंच, शिवाय बायकोचं बोलणं आयुष्यभर पुरलं असतं. कडकरावांनी इस्त्री हातात घेतली.

पहिला सामना शनिवारी झाला. दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी. कडकरावांनी रेडिओ कानाशी लावला होता, आणि सांगायला लाज वाटते, पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते मनातून म्हणत होते, हरा रे बाबांनो, चांगले सपाटून हरा. एकदा हिला कळू दे काय माल आहे, म्हणजे कंटाळून पास माझ्या हातात ठेवेल. टीमने त्यांचं ऐकलं. चार शून्य. फळ्यावरचे बाण मैदानावर कोणालाच सापडले नाहीत. गोलकीपर नव्वद मिनिटांत एकदाही पडला नाही, ना उजवीकडे ना डावीकडे. मी तिथेच होतो, मेव्हणा माझ्याशी अजून बोलत नाही.

संध्याकाळी बायको आली. केस विस्कटलेले, आवाज बसलेला. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. कडकरावांनी लगबगीने चहा केला, कप तिच्या हातात दिला आणि शक्य तितका दुःखी चेहरा करून विचारलं, "काय झालं गं?"

"हरलो आम्ही," ती म्हणाली.

"मी म्हणतच होतो, काही दम नाही या पोरांत. तू कशाला दर शनिवारी उन्हात बसतेस? दे तो पास इकडे. मला आपली सवय आहे."

तिने कप खाली ठेवला. बावीस वर्षांत तिने त्यांच्याकडे इतक्या रागाने पाहिलं नव्हतं. "लाज नाही वाटत असं बोलायला? एक मॅच काय हरली, लगेच दम नाही? अहो, ते कपडे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. सरावात एवढं अंग मोडून घेणारी पोरं वाईट असतील का? आज नशीब नव्हतं, एवढंच. पुढच्या शनिवारी बघा तुम्ही."

कडकरावांनी तोंड उघडलं. खरं काय ते सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं, प्लॉटसकट आणि मास्तरांच्या शिट्टीसकट. पण तिच्या डोळ्यांत जे दिसत होतं, ते त्यांच्या फार ओळखीचं होतं.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "यंदा काहीतरी वेगळं आहे हं."

आणि गंमत म्हणजे, चिखल कोणाचा होता हे पक्कं ठाऊक असूनही, त्यांना ते मनापासून वाटलं.