दौलतरावांची पाटी

एका जंगलात गाड्या फार झाल्या होत्या, मुलांनो. जंगलात पेट्रोल कुठून आले, असे विचारू नका. विचारणाऱ्यांना मी गोष्ट सांगत नाही.

तिथे दौलतराव नावाचे रानडुक्कर होते. त्यांच्या खटारा गाडीला '१' या नंबरची पाटी होती. पाट्या वाटल्या त्या दिवशी बाकीचे प्राणी घाबरून बिळात बसले आणि दौलतरावांचे वडील चुकून रांगेत उभे राहिले, एवढेच. पण त्या पाटीला सिंहसुद्धा वाट देई.

एकदा खटाऱ्याने मान टाकली. रानातले कंदही संपत आले होते. बायकोपोरांना घेऊन डोंगरापलीकडे गेले नाही, तर उपासमार ठरलेली. म्हणून दौलतरावांनी साठवलेले सगळे सुरण देऊन नवी गाडी घेतली आणि जुनी पाटी तिच्यावर चढवून घ्यायला ते कचेरीत गेले.

तिथे घोरपडबाई बसल्या होत्या. "फी भरा," त्या म्हणाल्या. "जुन्या गाडीवरून पाटी काढायची वेगळी, नव्या गाडीवर चढवायची वेगळी."

"आणि मधे ती माझ्या हातात असेल, त्याची?"

"बरी आठवण केलीत. तीही भरा."

फी गाडीच्या किमतीएवढी झाली.

"अहो, साधा नंबर फुकट मिळतोय, तो घ्या ना," बायको भागीरथी म्हणाली. "पोरांना भूक लागलीय."

"बापाची पाटी आहे! सिंह वाट देतो!"

दौलतरावांनी नवी गाडी साळिंदराला विकली, फी भरली आणि पाटी गळ्यात अडकवली.

साळिंदर मनाचा चांगला. "वहिनी, पोरांना घेऊन बसा. मी तिकडेच निघालोय," तो म्हणाला. गाडी निघाली. दौलतराव छाती काढून पुढे पळू लागले. घाटात समोरून सिंहाची गाडी आली. पाटी दिसताच ती मुकाट मागे सरली आणि साळिंदर झुर्रकन पुढे गेला.

"बघितलंस, भागीरथी?" दौलतराव ओरडले. पण गाडी केव्हाच वळणाआड गेली होती. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले.

मागे घोरपडबाई उभ्या होत्या. "पाटी गळ्यात घातलीत. म्हणजे वाहन बदललं. फी भरा."

"आता काही नाही हो माझ्याकडे."

"मग वाहन जप्त."

कचेरीमागच्या गंजक्या गाड्यांच्या रांगेत दौलतरावांना उभे करण्यात आले. अर्थात सगळ्यांत पुढे. पाटीचा मानच तसा होता.

तात्पर्य : बायकोपोरे साध्या नंबराच्या गाडीतून सुखरूप पोचतात, त्यांना पोचू द्यावे. आपण मात्र जप्तीतसुद्धा पहिला नंबर सोडू नये.