सवलतीवर पास

बळीरामभाऊंनी एकदा मोराला नापास केलं. पिसारा फुलवून उभा असलेला मोर, करमाडच्या एका शिक्षकांनी धावाधाव करून टिपलेला. भाऊंनी पाच मिनिटांत फोटो ग्रुपवरून काढून टाकला आणि लिहिलं, "रिजेक्ट. ठिकाण नाय, वेळ नाय."

पक्ष्यांच्या फोटोंचा हा ऑनलाइन ग्रुप माझ्या पत्नीने, सुधाने, सुरू केला. तिच्या जोडीला अ‍ॅडमिन म्हणून भाऊ आणि नावापुरता मी, कॉलेजचा जुना ग्रंथपाल. भाऊंची हयात चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेलेली. केसभर वाकडा स्क्रू त्यांच्या नजरेतून सुटला नाही, तिथे बिनतारखेचा बगळा काय सुटणार?

भाऊंनी काढून टाकलेला फोटो सुधा शांतपणे परत लावी. भाऊ काढत. ती लावी. हर्सूल तलावावरच्या एका खंड्याची दुपारभरात सहा वेळा ये-जा झाली. शेवटी फोटोवाल्याने विचारलं, "माझा खंड्या ग्रुपात हाय का उडाला, तेवढं सांगा."

तोड भाऊंनीच काढली, कारखान्यातली. तिथे मापात न बसलेला माल कुणाला पुढे पाठवायचाच असेल तर त्याने स्वतःच्या सहीने पाठवायचा, जबाबदारी त्याची. तेव्हापासून सुधाने वाचवलेल्या प्रत्येक फोटोखाली ओळ असे, 'सवलतीवर पास. सुधा.' भाऊ ती वहीत उतरवून घेत आणि तलावावर भेटेल त्याला ऐटीत सांगत, "पस्तीस वर्सांत माझं रिजेक्ट मॅनेजरनं फिरवलं नाय. ताईनं फिरवलं. एकट्या ताईनं." ते ऐकताना माझीच मान ताठ होई.

सुधा गेली. दोन महिन्यांनी तिच्या फोनमध्ये शेवटचा फोटो सापडला. खिडकीच्या गजावर बसलेला बुलबुल, हललेला, धूसर. मी तो ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिणं जमलं नाही.

भाऊंनी तो काढून टाकला.

मी आयुष्यात पहिल्यांदा अ‍ॅडमिनचा अधिकार वापरला. परत लावला. त्यांनी परत काढला. संध्याकाळी ते वही घेऊन दारात उभे. मी 'या' म्हटलं नाही.

"सर, सही कुठंय?"

"भाऊ, तो तिचा शेवटचा फोटो आहे."

"ते मला ठावं नाय व्हय? म्हणूनच." त्यांनी वही उघडली. पानामागून पान सुधाचं नाव. "ताईचाच फोटो बिनसहीचा लागला तर ही सगळी वही खोटी ठरंल. आता हितं सही तुमची."

मी फोटो पुन्हा लावला आणि खाली लिहिलं, 'सवलतीवर पास. वसंत.' भाऊंनी ती ओळ वहीत उतरवली. ठिकाण त्यांनीच भरलं, 'ताईची खिडकी'. वेळेपाशी पेन थांबलं. मग त्यांनी वही मिटली आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रुपवरचे तीन फोटो काढून टाकले. तिन्हींवर ठिकाण होतं, वेळही होती. मी विचारात पडलो तोच त्यांचा फोन आला.

"तीन रिजेक्ट केलेत, सर. जरा बघून घ्या. लई दिवस झाले, कुणी भांडलं नाय."