गोल टाकीतला मासा

सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे चष्म्यांचं दुकान चालवलेल्या चष्मेवाल्यांची, रोज सकाळी जीभ, नखं आणि डोळ्यांखालची कातडी तपासली जाऊ लागली. मुलांच्या दवाखान्यात उभा जन्म काढलेली बाई. आता घरात तपासायला दुसरं होतं कोण? सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे, आणि ऐकून ऐकून नवराही सिस्टरच म्हणायला लागला होता. तपासणीचं चष्मेवाल्यांना फारसं काही वाटत नव्हतं. पण ती आटोपली की सिस्टर खिडकीशी नुसत्या बसून राहत, ते मात्र त्यांना बघवत नव्हतं. हिला जपायला काहीतरी जिवंत हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

म्हणून त्यांनी घरात समुद्र आणला. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती आणि तिच्या टोकाला एक गोल कट्टा. चौकोनी टाकी त्यावर बसेना, तेव्हा त्यांनी पिंपासारखी उभी, गोल काचेची टाकी बनवून घेतली. तिच्यात खारं पाणी, खडक, फुलांसारखी उमलणारी प्रवाळं आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा आला.

माशांच्या दुकानदारानं जाताना बजावलं, "खाणं चिमूटभरच. उरलेलं कुजतं, पाणी नासतं. प्रवाळं एकदा गेली की गेली, मग मला फोन करून उपयोग नाही."

"माझ्या हाताखालच्या एका पोराचं वजन कधी घटलं नाही," सिस्टर म्हणाल्या. दुकानदाराला यातलं काय घ्यावं ते कळलं नाही.

पहिले काही दिवस मासा बैठकीच्या बाजूच्या खडकाला चिकटून राहिला. सिस्टर ओट्याशी उभ्या राहून पलीकडे त्याच्याकडे कौतुकानं बघत. "कसा गुटगुटीत आहे बघा!" त्या म्हणत. टाकीला टेकवलेल्या आपल्या खुर्चीतून चष्मेवाल्यांना मासा तसा काडीच दिसे, पण ते हूं म्हणत. त्यांचं लक्ष माशाकडे नव्हतंच. पाण्यापलीकडे सिस्टरांचा चेहरा दिसे आणि त्यावर या कानापासून त्या कानापर्यंत हसू. इतकं हसू त्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं. औषध लागू पडलं, असं म्हणून ते समाधानानं पेपर उघडत.

मग खाणं कुठून पडतं हे माशाच्या ध्यानात आलं आणि तो मुक्काम हलवून स्वयंपाकघराच्या बाजूला आला. तिथून घराची घडी विसकटली.

"अहो, हा वाळत चाललाय," सिस्टर म्हणाल्या.

"वाळतोय? चांगला फुगलाय की. पोट बघ त्याचं, आडवं वाढलंय."

"मला सांगताय? हजारो पोरं वजनकाट्यावर ठेवलीत मी."

"आणि मी हजारो लोकांची नजर तपासलीय. माझ्या नजरेत काही खोट नाही."

सिस्टरांनी गुपचूप एका चिमटीच्या दोन केल्या. मासा आणखीच आडवा झाल्याचं बघून चष्मेवाल्यांनी खाण्याचा डबा बुटांच्या कपाटात लपवला. सिस्टरांनी नवा आणला. तोही गेला तेव्हा तिसरा आणून त्यांनी तो साखरेच्या डब्यामागे ठेवला. दोघंही एकमेकांशी गोड बोलत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यातच आपल्या ताटात वाढलेलं दिवसेंदिवस कमी का होतंय, हे चष्मेवाल्यांना कळेना. पण ते विचारायची ही वेळ नव्हती.

शेवटी पाणी गढूळलं. खडकांवर तपकिरी साय धरली आणि एका सकाळी सगळी प्रवाळं मिटलेली दिसली.

"खाणं कोण घालतं?" दुकानदारानं फोनवर विचारलं.

"मी तर डबाच लपवलाय," चष्मेवाले म्हणाले आणि जीभ चावली.

 सिस्टर पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "माझ्या हातून जीव जाणार एखादा." 

"वजनकाट्यावर ठेवू त्याला," चष्मेवाले म्हणाले. "काय ते एकदा कळू दे."

मासा धरायला एका बाजूनं हे आणि दुसऱ्या बाजूनं त्या जाळी घेऊन उभे राहिले. मासा जिथे दिसे तिथे जाळी घातली की तिथे नसे. खडक बाहेर काढले, ते जेवणाच्या टेबलावर गेले. बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या. पाण्याचा लोट कट्ट्यावरून जमिनीवर आला, जमिनीवरून खालच्या मजल्यावर गेला आणि तिथून भिजलेली उशी हातात घेऊन खालच्या काकू वर आल्या. भांडायला त्या थेट स्वयंपाकघरात सिस्टरांशेजारी उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, पण टाकीपलीकडे वाकलेल्या चष्मेवाल्यांवर नजर गेली आणि उशीचं राहूनच गेलं.

"अगंबाई, भावजी किती हो सुटलात! पार ड्रम झालाय."

चष्मेवाले ओशाळून सरळ उभे राहिले. टाकीच्या वर त्यांचं डोकं आणि खांदे आले.

"छे, तुम्ही तर तसेच आहात," काकू म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली घातली. "टाकीतून ड्रम, वरून काडी. हे काय हो, भिंग आहे का?"

 सगळी हयात भिंगं विकलेल्या माणसानं पाण्यानं भरलेल्या गोल काचेकडे बघितलं आणि मटकन खुर्चीत बसला. आपल्या बाजूच्या काचेजवळचं जसंच्या तसं दिसणार आणि पलीकडचं आडवं ताणून दिसणार. पहिल्या दिवशी शिकलेला धडा होता तो.

तेवढ्यात मासा आपण होऊन सिस्टरांच्या जाळीत आला. वाटीत घेऊन वरून बघितला. बारीक नव्हता आणि फुगलेलाही नव्हता. चारचौघांसारखा मासा होता.

पाणी बदललं, खडक घासून परत ठेवले, लपवलेले सगळे डबे बाहेर आले. दुसऱ्या दिवशी एका प्रवाळानं भीत भीत तोंड उघडलं, मग बाकीच्यांनीही. रात्री चष्मेवाल्यांचं ताट एकाएकी भरलेलं आलं.

"म्हणजे माझ्या ताटाचं ते..."

"ओट्याशी उभी राहून टाकीतून रोज तुम्हाला सुटताना बघत होते मी," सिस्टर म्हणाल्या. "माशाचं तुम्ही कमी केलंत, तुमचं मी."

चष्मेवाले पोटभर जेवले आणि टाकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. पाण्यापलीकडे सिस्टर मोजून एक चिमूट घालत होत्या, आणि चेहऱ्यावर तेच, कानापासून कानापर्यंतचं हसू होतं. चष्मेवाल्यांच्या मनात शंका आली. भिंगानं सगळंच ताणलं होतं, तर मग हेही? इतके दिवस आपण खूश होतो ते कशावर?

त्यांना राहवलं नाही. ते उठले आणि टाकीवरून पलीकडे डोकावले. हसू काचेतल्याच्या निम्मंही नव्हतं. ओठांच्या एका कोपऱ्यात जेमतेम मावेल एवढंच होतं, पण होतं.

सिस्टरांनी मान वर केली. "काय बघताय?"

"काही नाही," चष्मेवाले म्हणाले. "नंबर तपासतोय."