दुखण्याचा मान्यताप्राप्त शब्द

टेलरमास्तरांची उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली आणि रीतसर त्यांना दंतरुग्णालयात जावे लागले. इथपर्यंत सगळे कायदेशीर होते. गाल लोकरीच्या गुंड्याएवढा फुगला होता, सुईला दोन-दोन नेढी दिसत होती, आणि आदल्याच दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले होते. हे असेच चालले तर दुकानाला कुलूप लागणार हे बायकोने ओळखले, आणि नवऱ्याचा हात धरून त्यांना रुग्णालयाच्या खिडकीपुढे उभे केले.

रुग्णालयात नुकतीच सुधारणा झाली होती. पूर्वी आधी येईल त्याला आधी तपासत. त्यात शास्त्रीय असे काहीच नसल्यामुळे व्यवस्थापनाने वेदना-वर्गीकरण कक्ष स्थापन केला. आता रुग्णाने आपल्या दुखण्याचे वर्णन स्वतःच्या तोंडाने, एका मान्यताप्राप्त इंग्रजी शब्दात करायचे. ‘अनप्लेझंट’ म्हणणाऱ्याला पुढच्या ऋतूत बोलावत. ‘इन्टॉलरेबल’ला पुढचा महिना मिळे, ‘अनबेअरेबल’ला पुढचा आठवडा, आणि ‘एक्सक्रूशिएटिंग’ म्हणणारा माणूस थेट खुर्चीत. मराठीवर बंदी वगैरे मुळीच नव्हती. ती फक्त ऐकू येत नसे.

“बोला,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“आई गं,” मास्तर म्हणाले.

“आई सोबत आल्यात का?”

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी ‘नातेवाईक अनुपस्थित’ अशी नोंद केली.

मग बायको पुढे झाली आणि तिने दातांच्या कण्या केल्या. माणसाने अन्नाला तोंड लावलेले नाही, भिंतीवर डोके आपटून घेतोय, याला आता सोसवत नाही, हे सगळे तिने सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. दाढ ज्याची, शब्दही त्याचाच हवा, असे त्यांनी समजावले. शिवाय एक तांत्रिक अडचण होती.

“सोसवत नाही म्हणता, आणि इथवर चालत आलेत की हो ते,” बाई म्हणाल्या. “म्हणजे सोसतायतच ना?”

“अहो, त्यांचं तोंडच उघडत नाही. शब्द म्हणणार कसा?”

“तोंड उघडत नसेल तर डॉक्टर तरी दाढ कशी काढणार? आधी तोंड उघडू दे, मग या.”

अडला हरी काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे. मास्तरांनी सगळा जीव जबड्यात एकवटला आणि ‘एक्स’ इथपर्यंत मजल मारली. तिथे त्यांची दातखीळ बसली. बाईंनी तत्परतेने त्यांना एक्स-रेला पाठवले. तो विभाग जेवायला गेला होता.

तेवढ्यात इस्त्रीचा सदरा घातलेले एक गृहस्थ आले आणि हसत हसत, एकही अक्षर न सांडता, ‘एक्सक्रूशिएटिंग’ म्हणून आत गेले. डॉक्टरांना त्यांचे सगळे दात ठणठणीत सापडले. पण शब्द नोंदला गेला होता, त्यामुळे एक दात काढणे भाग होते. गृहस्थ गालाला कापूस लावून बाहेर आले आणि इथली सर्व्हिस फार फास्ट आहे, असे चारचौघांना सांगू लागले.

मास्तरांचा मेहुणा इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवायचा. काळाची पावले ओळखून त्याने रुग्णालयाच्या समोरच दुखणेकऱ्यांसाठी खास बॅच काढली होती. बायकोने मास्तरांना तिथे नेऊन बसवले. आरशासमोर बसून, लवंग दाढेखाली धरून, मास्तर रोज तो शब्द घोकू लागले. बाजूला सगळे सुजलेले गाल एका सुरात हुंकारत. दुकान बंद, रात्री जागरण, आणि जेवण म्हणजे नळीने प्यायचे पाणी. मास्तरांना रडू यायचे. मेहुणा म्हणायचा, रडण्याला गुण नाहीत.

एका सकाळी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त जोर लावला. ‘एक्सक्रू’ झाले, आणि ‘शि’वर दाढ टुणकन उडून बाकावर पडली. ठणका तत्क्षणी थांबला. तोंड मोकळे झाले आणि उरलेला शब्द तेल घातलेल्या मशीनसारखा सुळकन बाहेर आला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने डोळे टिपले.

बायकोचा जीव भांड्यात पडला. चला, दुकान उघडा, लोकांच्या विजारी अडकल्यात, असे ती म्हणाली. पण मास्तर बूट घालत होते.

“अहो, आता कुठे निघालात? दाढ तर पडली.”

“एवढा घासून तयार केलेला शब्द वाया घालवू?”

“पण डॉक्टर आता काढणार काय?”

“दाढेचं काय घेऊन बसलीस? आणखी आहेत.”

खिडकीपाशी एक म्हातारी फरशीवर बसली होती. पदराने गाल दाबून ‘मेले रे बाबा, मेले’ म्हणत होती. आपला शब्द नीट ऐकू जावा म्हणून मास्तर तिने श्वास घेईपर्यंत थांबले आणि मग त्यांनी तो उच्चारला. बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. आत जाता जाता मास्तर म्हातारीपाशी वाकले.

“आजी, असं रडून ओरडून कसं चालेल? चार लोकांत नीट शब्दात सांगायला शिका जरा,” ते मायेने म्हणाले.

कोणता दात काढायचा, असे डॉक्टरांनी आदराने विचारले. मास्तरांनी डावीकडची खालची दाढ दाखवली. टेलरच तो, दोन्ही बाजू सारख्या हव्यात असा त्यांचा आग्रह होता.

म्हातारी अजून तिथेच बसून आहे. आणि तुम्हाला आता मास्तरांचा राग आला असेल. यायलाच हवा, तुम्ही सहृदय वाचक आहात. पण खरे सांगा, राग आला तेव्हा मनात पहिला शब्द उमटला तो ‘डिसगस्टिंग’च ना? मग असे मागे का उभे? या, पुढे या. आजींना ओलांडताना तेवढा पाय जपून टाका, तुमचा नंबर त्यांच्या आधी आहे.